बाई वर्गात नसताना

बारावीची परीक्षा सुरू झाली की आमच्या कॉलेजबाहेर जत्रा भरते. रस्त्यावर मोटारसायकली, कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली पोरं, झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या आया आणि मध्येच 'भरारी पथक आलं' अशी उठणारी आवई. अठ्ठावीस वर्षं मी सुपरव्हिजन केलं. बाकांमधून फिरायचं, कंपासपेट्या उघडायला लावायच्या, मुलींच्या ओढण्यांकडे संशयानं बघायचं. शिकवण्यापेक्षा पहारा करण्यातच जास्त आयुष्य गेलं की काय, असं कधीकधी वाटतं.

म्हणूनच 2016 साली लेकीचा अमेरिकेतून फोन आला, तेव्हा माझा विश्वास बसेना. पहिला पेपर देऊन आली होती. म्हणाली, "आई, सर पेपर वाटून चक्क निघून गेले."

"मग सुपरव्हिजनला कोण होतं?"

"कुणीच नाही. शेवटी फक्त एक वाक्य लिहून सही करायची. मी कॉपी केली नाही, कुणाला करू दिली नाही आणि कुणी करत असेल तर खपवून घेतली नाही, असं."

मी हसले. म्हटलं, आमच्याकडे असं केलं तर सगळा वर्ग शंभर टक्के पास!

लेकीचं हे विद्यापीठ म्हणजे इंडियाना राज्यातलं व्हॅलपरायझो. शिकागोपासून साधारण तास-दीड तासाच्या अंतरावरचं, त्याच नावाच्या छोट्याशा गावात वसलेलं. 1859 साली मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी ते सुरू केलं, तेव्हा त्याचं नावच 'मेल अँड फीमेल कॉलेज' असं होतं. म्हणजे मुली पहिल्या दिवसापासून होत्या, नंतर उपकार म्हणून घेतलेल्या नव्हेत! पुढे 1925 मध्ये ल्यूथरपंथी ख्रिश्चनांनी ते विकत घेतलं. मार्टिन ल्यूथर म्हटलं की आपल्याला पोपशी भांडलेला जर्मन धर्मसुधारक आठवतो. पण याच ल्यूथरनं 1524 मध्ये जर्मनीतल्या नगरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढायला सांगितल्या होत्या आणि त्यात मुलींनाही शिकवा, असं बजावलं होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती परीक्षेची पद्धतही कुणी वरून लादलेली नाही. 1943 साली विद्यार्थ्यांनीच ती आणली. कुणी नियम मोडल्याची तक्रार आली तर तिची चौकशी करायलाही विद्यार्थ्यांचंच मंडळ असतं. मंडळ आहे, याचा अर्थ तिथंही लबाडी होते. माणसं सगळीकडे सारखीच. फरक इतकाच, की तिथं सुरुवात विश्वासापासून होते आणि आपल्याकडे संशयापासून.

लेकीच्या पदवीदानाला मी गेले, तेव्हा महिनाभर राहिले. मोठ्ठी इमारत फक्त एकच, त्यांचं चॅपल. 1959 मध्ये बांधून झालेलं, रंगीत काचांच्या उंचच उंच खिडक्यांचं. सकाळी प्रार्थनेची वेळ ठरलेली. पण ज्याला जायचं तो जातो. माझी लेक गणपतीची आरती म्हणणारी, पण अधूनमधून तिथं नुसती शांत बसायला जायची. कुणी तिला 'तू आमची नाहीस' म्हटलं नाही की 'आमची हो' असंही म्हटलं नाही. वर्गात वीस-पंचवीस मुलं. सरांना प्रत्येकाचं नाव पाठ. थंडीत बर्फ साठला तेव्हा तिच्या एका बाईंनी स्वतःच्या घरातला जाड कोट आणून दिला होता. तो कोट हातात घेऊन बघताना मला त्या परीक्षेचं कोडं थोडंसं उलगडलं. ज्या बाईंनी आपल्याला कोट दिला, त्यांना फसवायला हात धजावत नाही. आमच्या वर्गात एकशे वीस मुलं. निम्म्यांची नावं मला हॉलतिकिटावरून कळायची.

परत निघायच्या आदल्या रात्री लेकीनं सहज विचारलं, "आई, तू सही करू शकली असतीस?"

मी बोलले नाही. कारण मला एक जुना मार्च आठवला. गणिताचा पेपर होता. खिडकीतून चिठ्ठी आली आणि ती ज्याच्या बाकावर पडली तो माझ्याच एका सहकाऱ्याचा मुलगा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे तोंड केलं आणि वेळ लिहीत बसले. लिहून झालेली वेळ पुसून पुन्हा लिहिली. त्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी होती. रोज एसटीनं यायची, वडील ऊसतोडीला जायचे. तिनं ते सगळं पाहिलं होतं. पेपर देताना तिनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरले नाही. कॉपी मी केली नव्हती, कुणाला करायला सांगितलीही नव्हती. पण त्या वाक्याचा तिसरा तुकडा, 'खपवून घेतली नाही', तो मला लिहिता आला नसता.

आता कुणी म्हणेल, बाई, तिथलं तिथं! तिथं एका पेपरवर आयुष्य ठरत नाही. इथं एका मार्कानं प्रवेश हुकतो. खरंय. आणि त्या विद्यापीठाला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. 2023 मध्ये त्यांनी वसतिगृहाच्या दुरुस्तीसाठी आपल्या संग्रहालयातली तीन मौल्यवान चित्रं विकायचं ठरवलं. त्यातलं एक जॉर्जिया ओकीफ या थोर चित्रकर्तीचं, देणगीच्या पैशातून घेतलेलं. विद्यार्थी घटलेत, पैसा कमी पडतो, हे कारणही खोटं नव्हतं. पण देणगीदारानं टाकलेल्या विश्वासाचं काय, असं म्हणत ज्यांच्या नावानं ते संग्रहालय होतं, ते निवृत्त प्राध्यापकच विरोधात उभे राहिले. प्रकरण कोर्टात गेलं. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटली. आपल्याच माणसांची चूक दिसल्यावर तिथल्या काहींनी फळ्याकडे तोंड केलं नाही.

आणि आपण? मैत्रिणींनो, रागावू नका, पण सुरुवात आपल्याच घरात होते. चौथीतल्या पोराचा प्रकल्प रात्री जागून कोण करतं? आपणच. स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते मिळतात, ते कोण आणतं? आपणच. खाली सही मात्र पोराची. मग बारावीला तो भिंतीवरच्या मित्राकडे बघतो, तेव्हा नवल कसलं? मीही हे केलंय. लेकीची चित्रकलेची वही मी रंगवलेली आहे.

आता निवृत्तीनंतर संध्याकाळी सात-आठ मुली घरी शिकायला येतात. गेल्या वर्षापासून मी चाचणीचा पेपर देते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. पहिल्यांदा बाहेरून जी कुजबुज ऐकू आली, ती ऐकून कुकरची शिट्टीही लाजली असती! दोघींची उत्तरं चुकांसकट सारखी. मी काही बोलले नाही, उत्तरं दोघींसमोर शेजारी शेजारी ठेवली. शेजारणी म्हणतात, अशानं मुली बिघडतील. असेलही. दिवाळीनंतरच्या चाचणीत एकीनं पेपरच्या खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाई, तिसरा प्रश्न बघून लिहिला आहे.'

मी तिसऱ्या प्रश्नाचे गुण कापले. तो पेपर मात्र जपून ठेवलाय.