जनुकावरचा बोजा



मागच्या बाजाराच्या दिवशी ओळखीचे एक आबा सुनेला घेऊन कार्यालयात आले. पिशवीतून एक बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. म्हणाले, "साहेब, दुकानदार सांगतो, यानं पिकाची झोपलेली जनुकं जागी होतात. आठशे रुपये मोजलेत. सोयाबीनवर मारू का?" बाटलीवर उगवत्या सूर्याचे चित्र होते. आत काय आहे, ते मात्र कुठेच लिहिलेले नव्हते.

जनुक जागे करणे ही निव्वळ थाप नाही. शास्त्रज्ञांनी ते करून दाखवले आहे. ते कसे केले हे समजले, म्हणजे बाटलीची पारख आपोआप होईल.

आपला सातबारा डोळ्यांपुढे आणा. जमीन तीच, क्षेत्र तेच, नाव तेच. पण 'इतर हक्कात' कर्जाचा बोजा चढला की व्यवहार अडतो. पेशीतल्या डीएनएचेही तसेच आहे. त्यातली अक्षरे न बदलता काही अक्षरांवर मिथाइल नावाचा लहानसा गट चिकटतो. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच त्याचा पसारा. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर असे गट दाटले, की ते जनुक बहुधा गप्प बसते. बोजा उतरला की पुन्हा बोलू लागते.

पण हजारो जनुकांतून नेमक्या एकावरचा बोजा उतरवायचा कसा? त्यासाठी दोन प्रथिने एकत्र जोडतात. पहिले गट नंबर शोधणारे. त्याला 'झिंक फिंगर' म्हणतात, म्हणजे जस्ताच्या आधाराने घडी पडलेली बोटे. एक बोट साधारण तीन अक्षरे ओळखते. सहा बोटे जोडली की अठरा अक्षरांचा पत्ता होतो. दुसरे प्रथिन बोजा उतरवणारे. माणसाच्या पेशीत 'टेट-१' नावाचे असे प्रथिन आहे. त्याचा कामाचा तुकडा या बोटांना जोडतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टीव्हन जेकबसन यांच्या चमूने २०१८ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. झाड निवडले अरॅबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातले बोटभर रोप. त्यातले 'एफडब्ल्यूए' हे जनुक एरवी मिथाइलखाली गप्प असते. तिथला बोजा उतरताच ते जागे झाले. आणि झाले काय? रोपाला फुले उशिरा आली. उत्पन्न वाढले असे नव्हे. फुलोरा लांबला, इतकेच. जनुक जागे होणे नेहमी फायद्याचेच, असा समज करून घेऊ नका.

सूनबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी नेमके विचारले, "अन् बी पुढच्या साली पेरलं तर?"

ताई, बोजा उतरल्याची नोंद वारसांनाही लागू होते, तसेच इथे घडले. बाहेरून घातलेले यंत्र पुढच्या पिढीत निघून गेले, तरी फुलोरा लांबलेलाच राहिला. म्हणूनच या कामात जपून पाऊल टाकावे लागते. बोटे चुकून दुसऱ्याच गटावर बसली, तर तिथलाही बोजा उतरायचा.

आता उलट बाजू पाहा. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यावर जिवाणूजन्य करपा पडतो. हा जिवाणू आपले एक प्रथिन पानाच्या पेशीत सोडतो आणि झाडाचेच साखर बाहेर सोडणारे जनुक जागे करतो. घरच्याच माणसाला उठवून चोराने कणगी उघडवून घ्यावी, तसा प्रकार! २०२३ साली सेंट लुईसच्या डॅनफोर्थ केंद्रातील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह जिवाणूचे प्रथिन जिथे बसते, नेमक्या त्याच जागी मिथाइल चढवले. प्रथिनाला जागा मिळेना, आणि रोगाची लक्षणे कमी झाली. म्हणजे इथे जनुक झोपलेले ठेवण्यातच झाडाचे हित होते.

आणि मुख्य गोष्ट. या प्रयोगांत कुणी पंपाने फवारणी केली नव्हती. प्रथिन तयार करणारे जनुकच प्रयोगशाळेत झाडात घातले होते. हे काम आठशे रुपयांच्या बाटलीचे नाही.

आबा बराच वेळ गप्प होते. मग मी पावती मागितली. पावती घेतलीच नव्हती.

तेव्हा मंडळी, चार गोष्टी ध्यानात ठेवा. बाटलीवर घटक, प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता नसेल, तर ती घेऊच नका. जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. नोंदणी आहे का, ते दुकानदाराला विचारा. पक्की पावती घ्या. तिच्याशिवाय तक्रारीला जोर येत नाही. आणि कोणतेही नवे औषध आधी दोन ओळींवर मारा, शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवा आणि सुगीला दोन्हींचे वेगवेगळे माप घ्या.

आबांची बाटली दुकानदाराने परत घेतली नाही. आबा मात्र जाताना म्हणाले, "साहेब, हे बाकीच्यांना तरी सांगा." म्हणून आज हे लिहिले.