पंधराशेची बशी नव्वद हजाराला

गेल्या आठवड्यात मडगावच्या एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर फोटो आला. मोठी चिनी बशी, गुलाबी फुलं, फुलपाखरं, कप्प्याकप्प्यांत चिनी झगे घातलेली माणसं. खाली मजकूर: "अँटिक. चिनी राजघराण्यातली. २०० वर्षे जुनी. फक्त ९० हजार."

मागच्या बाजूचाही फोटो होता. त्यात तडा आणि तड्यावर मारलेले तीन धातूचे टाके. ते बघून मी चमकलो. फेविक्विक नव्हतं तेव्हा फुटलेल्या चिनी भांड्याला बारीक भोकं पाडून असे टाके मारून द्यायचे. सासष्टीतल्या एका घरी नाताळात आम्हा पोरांना याच बशीतून दोदोल मिळायचा. त्या आंटीला फोन केला. "पुता, दोन महिन्यांपूर्वी दारावर एक माणूस आला होता. फुटकी बशी कोण घेणार म्हणाला. पंधराशे दिले."

आता आधी त्या २०० वर्षांचं बघू. त्याच फोटोत टाक्यांच्या शेजारी लाल इंग्रजी अक्षरांत 'चायना' लिहिलंय! अमेरिकेने १८९० साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं. तेव्हापासून चिनी निर्यातीच्या मालावर हा शिक्का दिसायला लागला. म्हणजे बशी बहुधा १८९१ नंतरची. राजघराण्याचा तर संबंधच नाही. या नक्षीला बाजारात 'रोज मेडॅलियन' म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती परदेशी गिऱ्हाइकांसाठी ढिगाने बनत होती. पांढरी भांडी जिंगदेझेनला भाजायची, कॅन्टनच्या कारखान्यांत त्यावर मिन्याचे रंग चढवायचे आणि कमी आचेवर पुन्हा भाजायचं. म्हणून रंग चकाकीच्या वर बसतो, बोट फिरवलं की फुलाचा उठाव लागतो. जुन्या पद्धतीचा तो गुलाबी सोन्यापासून करत. हे सगळं खरं आणि सुंदर आहे, मग राजाची थाप कशाला?

कारण थाप दोन्हीकडे चालते. आंटीला 'फुटकी', गिऱ्हाइकाला 'राजाची'.

माझा राग किमतीवर नाही. धंदा म्हटला की नफा आला. पण ही वस्तू आपल्याकडे आली कशी ते बघा. १५५७ पासून पोर्तुगीज मकावला बसले. मकाव, गोवा, लिस्बन असा जहाजांचा रस्ता. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत खोदकाम झालं तेव्हा चिनी भांड्यांचे तुकडे निघाले. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यात आजही चिनी पोर्सेलिन बघायला मिळतं. मोठ्या वाड्यांचं ठीक आहे, त्यांची नोंद होते. आंटीसारख्या घरांचं काय? पोरं लिस्बनला नाहीतर लंडनला, घरात एक म्हातारी आणि कपाटभर वस्तू. बशी दिल्ली-मुंबईच्या कुणाच्या भिंतीवर गेली की ती नुसती 'चिनी बशी' उरते. कुणाच्या घरची, कधी आली, टाके कुणी मारले, सगळं पुसलं.

कायदा आहे, १९७२ चा. शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते, ती कुठे बनली हे व्याख्या विचारत नाही. आपल्या घरची वस्तू विकणं गुन्हा नाही, पण अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. दारोदार फिरणाऱ्या किती जणांकडे परवाना असतो, आणि विचारतं कोण? मी ग्रुपवर एवढंच विचारलं, "परवाना आहे का?" अर्ध्या तासात फोटो गायब. (ॲडमिननी मलाच 'वातावरण बिघडवू नका' म्हणून मेसेज केला, ते वेगळं.)

सरकारने एक सोपं काम करावं. पंचायतीमार्फत, घरमालकाच्या परवानगीने, जुन्या घरांतल्या वस्तूंचे फोटो काढून यादी करावी. वस्तू घरातच राहू दे, जप्तीबिप्तीची भीती घालू नये, नाहीतर लोक दार उघडणार नाहीत. कॉलेजची इतिहासाची मुलं एका उन्हाळ्यात दोन-तीन गावं करतील.

तोवर आपणच करू. विकायचं असेल तर खुशाल विका, पण आधी पुढून-मागून फोटो काढा, आजीला विचारून दोन ओळी लिहून ठेवा, आणि एका माणसाच्या भावावर देऊ नका. आंटीकडे त्याच नक्षीचं सूपचं झाकणवालं भांडं अजून आहे. रविवारी जाऊन त्याचे फोटो काढून आलो. तळाशी 'चायना' नाही. कुणाला यातलं कळत असेल तर इनबॉक्स करा, व्यापाऱ्यांनी मात्र करू नये.