विद्येच्या वाटा : गुन्ह्याचें शास्त्र आणि घरची मुलगी

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतींतील एका वाचक-भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. कुटुंब एकत्र, आजोबा सेवानिवृत्त शिक्षक, दोघे मुलगे नोकरींत, नातवंडें शिकत आहेत. थोरली नात बारावीची शास्त्रशाखेची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली असून तिला न्यायसहायक विज्ञान, म्हणजे ज्यास फोरेन्सिक सायन्स म्हणतात तें, शिकावयाचें आहे. आजोबांचें म्हणणें असें कीं, हा पोलिसी व्यवसाय. चांगल्या घरच्या मुलीनें रक्त, विष आणि प्रेतें यांच्या संगतींत आयुष्य कां घालवावें? काकांच्या मतें आधीं अभियांत्रिकीस जावें, मग पुढचें पुढें पाहतां येईल. "मुलीची इच्छा मोडवत नाहीं आणि वडील मंडळींचा शब्दही मोडवत नाहीं, आम्हीं काय करावें?" असें आईनें विचारलें आहे. हा प्रश्न आज अनेक घरांत उपस्थित होत असल्यामुळें त्याचा विचार येथें थोड्या विस्तारानें करीत आहों.

अमेरिकेंत तंत्रमहाविद्यालयांतून 'क्रिमिनल जस्टिस' या नांवानें दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालतात. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिहींच्या कामाची ओळख तेथें एकत्रच करून देतात. आपल्याकडे ही विद्या तीन वाटांनीं विभागली आहे. कायदा शिकावयाचा तर विधि महाविद्यालय. मनुष्य गुन्ह्याकडे कां वळतो आणि तुरुंगांतून सुटल्यावर त्याचें काय होतें, हें शिकावयाचें तर समाजकार्याची शाखा. १९३६ सालीं स्थापन झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत हा अभ्यास चालतो, आणि तिचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदिजनांमध्यें काम करीत आहे. तिसरी वाट पुराव्याच्या शास्त्राची. पत्रांतील मुलीनें निवडली आहे ती हीच.

ही वाट अगदीं नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईंत सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा १८७० सालीं निघाली. 'केमिकल अॅनालायझरचा अहवाल' हे शब्द जुन्या वकिलांच्या तोंडीं सदैव असत, ते तेव्हांपासूनचे. आज राज्याची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा सांताक्रूझजवळ कालिन्यास आहे, आणि चर्चगेटजवळ मादाम कामा मार्गावर २००९ पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था चालू आहे. भाईंदर, सांताक्रूझ आणि चर्चगेट हीं तिन्ही स्थानकें एकाच लोहमार्गावरचीं. मुलीला घर सोडून वसतिगृहांत राहावें लागेल ही एक काळजी तरी येथें उरत नाहीं.

आतां आजोबांच्या आक्षेपाकडे वळूं. त्याच्या मुळाशीं अशी एक समजूत आहे कीं, गुन्हा ही दुसऱ्या वस्तींतील गोष्ट. आपल्या उंबरठ्याच्या आंत तिचें काय काम? यावर पुण्याचा एक खटला सांगण्यासारखा आहे.

लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यांतील एक सधन विधवा. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांचे डॉक्टर आणि घरोब्याचे विश्वासू गृहस्थ. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्रीं दोघें आगगाडीनें मुंबईस निघालीं. तेथील तज्ज्ञांस बाईंची प्रकृति दाखवावयाची होती. पहाटे गाडी पोंचली तेव्हां बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनीं त्यांस गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत नेलें, पण तेथें नांव भलतेंच सांगितलें. त्याच दिवशीं बाईंचा अंत झाला आणि प्रेत बेवारशी ठरलें. पुण्यांतील आप्तांस मात्र पुढें बाईंच्या नांवें पत्रें येत राहिलीं कीं, आपण यात्रेस गेलों, पुनर्विवाह करून दूर देशीं स्थायिक झालों. इकडे बाईंचा पैसा आणि शेअर डॉक्टरांच्या हातीं जात होते.

प्रेताची तपासणी झाली ती मृत्यूनंतर कांहीं दिवसांनीं, आणि रासायनिक पृथक्करणांत विष सांपडलें नाहीं. तरीही सत्र न्यायालयानें डॉक्टरांस देहान्ताची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि डिसेंबर १९५९ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या तिघांपैकीं दोघा न्यायमूर्तींनीं, म्हणजे न्या. कपूर आणि न्या. हिदायतुल्ला यांनीं, ती उचलून धरली. खोटें नांव, बनावट पत्रें, पैशाचा अपहार आणि आरोपीचें वैद्यकीय ज्ञान या सर्व परिस्थितीचा त्यांनीं एकत्र विचार केला. कांहीं विषांचा मागमूस उरत नाहीं, हेंही त्यांनीं ध्यानांत घेतलें. तिसरे न्या. सरकार यांचें मत निराळें पडलें. मृत्यु विषानेंच झाला हें सिद्ध झालेलें नाहीं, असें त्यांनीं मानलें.

या खटल्यांत गुन्हा बाहेरून भिंत फोडून आला नाहीं. तो औषधाच्या पेटीसह पुढच्या दारानें आला, आणि घरानें त्याला बसावयास पाट दिला. तेव्हां ही विद्या आपल्या कामाची नाहीं असें कोणत्याही घराला म्हणतां येणार नाहीं.

याहून महत्त्वाचा धडा शास्त्राविषयींचा आहे. 'विष सांपडलें नाहीं' हें एक विधान, आणि 'विष दिलें नाहीं' हें सर्वस्वीं दुसरें. परीक्षकाला पहिलें करतां येतें, दुसरें करतां येत नाहीं. साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें असतां एका बाजूचा वकील त्याला पुढें ओढतो, दुसऱ्या बाजूचा मागें. आणि त्यानें आपल्या नळींत जें दिसलें तेवढेंच सांगावयाचें असतें. गुप्तहेरकथांतील नायक एका केसावरून खुनी ओळखतो. या विद्येचा खरा उपासक बहुधा असें म्हणतो कीं, 'या नमुन्यावरून इतकेंच सांगतां येतें, याच्यापुढें नाहीं.' त्या एका संयमावर कोणाचा तरी प्राण अवलंबून असतो, मग तो फिर्यादीच्या बाजूचा असो वा आरोपीच्या. आजोबांनीं इतकीं वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या असतील. जें लिहिलें आहे त्यालाच गुण, विद्यार्थ्याच्या मनांत काय होतें त्याला नव्हे, हा त्यांचा नियम नात निराळ्या ठिकाणीं पाळूं म्हणते.

या माणसांची गरज आतां वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) अन्वयें, सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानें स्वतः गुन्ह्याच्या जागीं जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्या कामाचें चित्रण व्हावें, असें ठरलें आहे. राज्यांस यासाठीं पांच वर्षांची मुदत आहे. इंद्रलोकच्या आसपासही वस्तीबरोबर पोलीसव्यवस्था वाढली. पूर्वी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असलेल्या मीरा-भाईंदरला वसई-विरारसह १ ऑक्टोबर २०२० रोजीं स्वतंत्र आयुक्तालय मिळालें.

परंतु गरज वाढली म्हणजे पदवीबरोबर नोकरी हातांत पडते, असें नव्हे. सरकारी पदें जाहिरात आणि स्पर्धा यांवांचून मिळत नाहींत. म्हणून प्रवेशापूर्वीं चार गोष्टींची चौकशी अवश्य करावी. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशीं संलग्न आहे? प्रयोगशाळा स्वतःची आहे कीं केवळ माहितीपत्रकांत छापलेली? शिकविणाऱ्यांपैकीं कोणी प्रत्यक्ष प्रयोगशाळेंत काम केलेलें आहे काय? आणि अलीकडील भरतीच्या जाहिरातींत कोणत्या पदास कोणती पदवी मागितली होती? या चौथ्या प्रश्नाचें उत्तर मुलीनें स्वतः जाहिराती वाचून काढावें. रसायनशास्त्राचा पाया पक्का असेल तर औषधनिर्मिति, अन्नपरीक्षा किंवा अध्यापन यांचीं दारेंही बंद होत नाहींत, हें काकांनीं लक्षांत घ्यावें.

मुलीलाही एक शब्द. या कामांत धाडसापेक्षां चिकाटी अधिक लागते. मुद्देमालावरील लाखेची मोहोर शाबूत आहे कीं नाहीं, पंचनाम्यांतील वर्णन आणि समोरची बाटली जुळतात कीं नाहीं, हें प्रत्येक वेळीं पहिल्याच दिवसाइतक्या काळजीनें पाहावें लागतें. ज्याला चित्रपटांतील थरार हवा असेल त्याची येथें निराशा होईल.

न्यायालयाचें कामकाज सामान्यतः सर्वांस खुलें असतें. तेव्हां अर्ज भरण्यापूर्वीं काकांनीं पुतणीस बरोबर घेऊन एक दिवस ठाण्याच्या सत्र न्यायालयांत बसावें, आणि साक्षीदाराची उलटतपासणी कशी होते तें शांतपणें ऐकावें. सायंकाळीं घरीं परतल्यावर मुलगी ज्या गोष्टीविषयीं बोलेल, त्यावरून तिचा कल खरा आहे कीं क्षणिक, हें वडील मंडळींस कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षां अधिक स्पष्टपणें कळेल. कल खरा दिसला तर आशीर्वाद देण्यास विलंब करूं नये.