शंभरातले तीन की चार?

गेल्या महिन्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी दवाखान्यात आल्या. नातवाने मोबाइलवर पाठवलेला मजकूर त्यांनी माझ्यापुढे धरला : ‘अ‍ॅस्पिरिनमुळे ज्येष्ठांमध्ये गंभीर रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढतो.’ तो वाचून त्यांनी आजोबांची गोळी नऊ दिवसांपूर्वीच बंद केली होती. आजोबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे. “शंभरातल्या अडतीस जणांना रक्तस्राव होत असेल, तर ती गोळी मी ह्यांना कशी देऊ, डॉक्टर?”

वाचकहो, मजकुरातला आकडा खोटा नव्हता. आजींनी लावलेला अर्थ मात्र चुकला होता. असा अर्थ लावणारे पदवीधर मी कितीतरी पाहिले आहेत.

हा आकडा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्प्री’ या अभ्यासातला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ ज्येष्ठांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडण्यात आले. एका गटाला रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, तर दुसऱ्याला दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. सुमारे पावणेपाच वर्षांनंतर हिशेब केला, तेव्हा अ‍ॅस्पिरिनच्या गटातील ९,५२५ पैकी ३६१ जणांना गंभीर रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या गटातील ९,५८९ पैकी २६५ जणांना. म्हणजे शेकडा ३.८ आणि शेकडा २.८. दुसऱ्या आकड्याला पाया धरून वाढ मोजली, की ती ३८ टक्क्यांच्या आसपास भरते. पण माणसे मोजली, तर शंभरात साधारण तिघांऐवजी चौघे. दोन्ही विधाने खरीच. पहिल्याने आजींची झोप उडाली, दुसऱ्याने कदाचित उडाली नसती.

येथे एखादा चौकस वाचक विचारील, की शंभरात एकाचा फरक हा निव्वळ योगायोग कशावरून नाही? प्रश्न रास्त आहे. दोन्ही गटांना अगदी एकच गोळी दिली असती, तरी दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळले नसतेच. असा आपोआप पडणारा फरक साधारण किती असतो, याचे माप संख्याशास्त्राकडे असते. त्याला प्रमाणित त्रुटी म्हणतात. प्रत्येक गटात शंभरच माणसे असती आणि रक्तस्राव चार व तीन जणांना झाला असता, तर हे माप २.६ टक्के आले असते. त्यापुढे एक टक्क्याच्या फरकाला काहीच किंमत नाही. गट सुमारे शंभरपट मोठा केला, की हे माप दहापटीने लहान होते, ०.२६ टक्के. आता तोच एक टक्का या मापाच्या चौपट भरतो. दुपटीच्या आसपास गेलेला फरक सहसा योगायोग मानत नाहीत. चौपट म्हणजे शंकेला फारशी जागा उरत नाही.

याच अभ्यासातली दुसरी तुलना मला अधिक मोलाची वाटते. हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आजार अ‍ॅस्पिरिनच्या गटात ४४८ जणांना झाले, दुसऱ्या गटात ४७४ जणांना. शेकडा ४.७ आणि ४.९. हा फरक त्रुटीच्या मापाएवढाही भरत नाही. थोडक्यात, तोटा मोजण्याइतका स्पष्ट दिसला आणि लाभ मात्र योगायोगापासून वेगळा काढता आला नाही.

परंतु ही माणसे कोण होती, हे त्या मोबाइलवरच्या मजकुरात कोठेच नव्हते. अभ्यासात घेतलेल्यांपैकी कोणालाही आधीचा हृदयविकार वा पक्षाघात नव्हता. आमचे आजोबा त्यांच्यात बसतच नाहीत! ज्यांना स्टेंट आहे, हृदयविकाराचा झटका किंवा रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी लाभाचे पारडे पुष्कळ जड असते, आणि गोळी परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून मी आजोबांची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. शौचास डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले किंवा अचानक असह्य डोके दुखू लागले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, हेही आजींना लिहून दिले.

त्या निघाल्या आणि दारातून परतल्या. “आणि माझी हो?” मधुमेह आहे म्हणून २०१४ साली मीच त्यांना अ‍ॅस्पिरिन लिहून दिली होती; तेव्हा आम्ही अनेक डॉक्टर तसे सर्रास करीत असू. त्यांना हृदयाचा त्रास कधीच झालेला नाही. जुने कागद पुन्हा चाळले, ईसीजी काढला, आणि चिठ्ठीवरची ती ओळ मी माझ्याच हाताने खोडली.