कार्ड साहेबाच्या पोस्टात, कामगार तंजावरात

तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. पोटासाठी तिथल्या मुलांनाही परदेशी जावे लागते. समजा, अशा घरातली एक परिचारिका ब्रिटनला पोहोचली आणि आठवड्याच्या आतच वडील वारल्याचे कळून परतली. तिचे निवास-परवान्याचे कार्ड तिकडेच राहिले.

२०२४ पर्यंत ब्रिटनचा नियम असा होता : देशात उतरल्यावर दहा दिवसांत कार्ड स्वतः जाऊन घ्यावे. परदेशी ते पाठवले जात नसे. प्रवेशाच्या तात्पुरत्या व्हिसाची मुदत उलटली, की १५४ पौंड भरून एकदाच आत सोडणारा वेगळा व्हिसा घेणे आले. बोटांचे ठसे घेण्याची सोय चेन्नईत होती, शुल्क घेण्याचीही होती. कार्ड देण्याची तेवढी नव्हती!

पुढे त्याच सरकारने कार्ड बंद करून संगणकावरची नोंद आणली. म्हणजे ती अट अपरिहार्य कधीच नव्हती.

याच राजवाड्याची मालमत्ता कंपनी सरकारने बळकावली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या कोर्टात दावा जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला : राज्यसत्तेच्या कृत्याचा न्याय कोर्टाला करता येत नाही! राणीच्या जवाहिरासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण परिचारिकेला तर दावा लावण्याइतकेही बळ नाही.

जर्मनीसारख्या देशांत अशी कार्डे आजही चालू आहेत. मायदेशी अडकलेल्या कामगाराला त्याचे कार्ड त्या देशाच्या इथल्या वकिलातीतून, जादा शुल्काविना मिळावे, असे कलम भारत सरकारने प्रत्येक कामगार-करारात घालून घेतले पाहिजे.