विजेच्या बिलावर कोणाचं नाव?



परवा पोस्टाने एक पाकीट आलं. आमच्या माध्यमिक शिक्षकांच्या जिल्हा संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. विषय क्रमांक पाच : 'मुख्यालयाच्या इमारतीचा तळमजला खाजगी क्लासला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणेबाबत विचारविनिमय करणे.' शिक्षकांनी पोटाला चिमटा काढून बांधलेलं घर, आणि त्यात क्लास! दोन रात्री झोप लागली नाही. पण नव्या कार्यकारिणीला बोल लावायला जीभ उचलत नाही. ही वेळ का आली ते मला ठाऊक आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून हे लिहिते.

थोडं मागं जाते. १९७७ च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला, तो ५४ दिवस चालला. मला नोकरी लागून चारच वर्षं झाली होती. शाळेत पाऊल ठेवायचं नाही, मग सभा भरवायची कुठे? कधी देवळाच्या ओवरीत, कधी एखाद्या सरांच्या अंगणात. संघटनेचं सगळं दप्तर सचिवांच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत. सचिव बदलले की ट्रंक सायकलच्या कॅरियरवरून दुसऱ्या घरी जायची. तेव्हापासून 'आपली स्वतःची वास्तू हवी' हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येऊ लागलं.

योग जुळला तो चौथ्या वेतन आयोगाचा फरक हातात आला तेव्हा. ठराव झाला : फरकातून प्रत्येकी १०१ रुपये, आणि पुढे तीन वर्षं दरवर्षी एक दिवसाचा पगार. आमचे अध्यक्ष इतिहासाचे शिक्षक. ते प्रत्येक सभेत पैसा फंडाचा दाखला देत. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, मग आपल्याला चार खोल्या जड आहेत का, असं विचारत. इमारत समितीत आम्ही दोघीच बायका. रविवारी पावतीपुस्तक पिशवीत घालून एस.टी.ने गावोगावी जायचं. एका शाळेच्या शिपायाने न मागता ११ रुपये दिले आणि पावतीची घडी करून टोपीत ठेवली. ती घडी मला अजून दिसते.

बांधकाम रखडलं ते सिमेंटपायी. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये थोडंफार सैल झालं होतं, पुरतं उठलं ते १९८९ साली. आम्ही नेमके मधल्या काळात सापडलो. परवान्याच्या सिमेंटसाठी अर्जविनंत्या करायच्या, ते मिळालं नाही की खुल्या बाजारातलं महाग घ्यायचं. एक अख्खा पावसाळा स्लॅबविना गेला. अखेर स्लॅब पडला, शहाबादी फरशी बसली, आणि 'बायकांना घर लावायचं कळतं' असं म्हणून सामानाचं काम माझ्या गळ्यात आलं.

मी फलकावर यादी लावली : पंखे, भिंतीवरचं घड्याळ, लोखंडी कपाट, घडीच्या खुर्च्या, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरी. आठ दिवसांत यादी संपली! कोणी आईच्या स्मरणार्थ पंखा दिला, कोणी निवृत्तीनिमित्त कपाट. पंख्याच्या पात्यांवर नावं रंगवून घेतली. पंखा सुरू झाला की नावं दिसेनाशी होतात, यावर तेव्हा बरीच हसाहस झाली.

वाचनखोलीची टेबलं एका सुताराने केली. माझाच जुना विद्यार्थी. मी टेबलांना खण करायला सांगितले तर म्हणाला, "बाई, खण केला की कुलूप येणार. कुलूप आलं की टेबल एकाचं झालं." बिनखणाची टेबलं केली. तीस-पस्तीस वर्षांत त्यांवर कोणाचीही मालकी बसली नाही.

मागच्या खोलीत चार खाटा टाकाव्यात हा माझा हट्ट. "ही काय धर्मशाळा आहे?" असा विरोध झाला. पण कामासाठी जिल्ह्याच्या गावी आलेल्या बाईची शेवटची गाडी चुकली तर तिने जायचं कुठे? खाटा आल्या. पुढे किती शिक्षिका तिथे राहिल्या! पेपर तपासणीच्या दिवसांत एक तर तान्हं मूल घेऊन आली होती. आज त्या खाटांवर मोडका माइक आणि जुने फ्लेक्स पडलेले आहेत.

आता आमची चूक सांगते. आम्ही भिंतींसाठी पैसे गोळा केले, सामानासाठी केले. झाडूसाठी, विजेच्या बिलासाठी, घरपट्टीसाठी, गच्चीच्या गळतीसाठी एक रुपयाही बाजूला ठेवला नाही. ठेवायचं सुचलंच नाही. पंख्यावर नाव घालायला माणसं रांगेने आली. विजेच्या बिलावर नाव घालता येत नाही, म्हणून तिकडे कोणी फिरकलं नाही. मग हॉल लग्नाला द्यायला लागले, मग वाढदिवसाला. आता तळमजल्यावर आलं आहे.

मी शिकले रयतच्या शाळेत. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातली मुलं जेवायची ती काही एका मोठ्या देणगीवर नव्हे. लक्ष्मीवहिनींनी अंगावरचे दागिने मुलांच्या अन्नासाठी दिले, हे आम्ही शाळेत ऐकलं. पण तितकंच महत्त्वाचं होतं मुष्टिफंडाचं मूठभर धान्य. दागिना एकदाच देता येतो. मूठ पुन्हा पुन्हा भरावी लागते, आणि त्यावर देणाऱ्याचं नाव नसतं. हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला आणि आपलं घर लावताना विसरले.

माझं म्हणणं एवढंच. क्लासवाल्यांशी माझं वैर नाही, आणि संघटनेने चार पैसे मिळवू नयेत असंही नाही. हॉल दिवसाच्या भाड्याने जरूर द्यावा. पण दीर्घ मुदतीने घर दिलं की ते कागदावर आपलं राहतं, पायाखाली राहत नाही. आमची संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कायदा इतका सावध आहे, तर आपणही थोडं थांबून विचार करायला हरकत नाही.

त्याऐवजी निवृत्तांनी वर्षाला एक दिवसाचं निवृत्तिवेतन द्यावं, नोकरीत असलेल्यांनी एक दिवसाचा पगार. तीन वर्षांपुरता नव्हे, कायमचा. नव्या मुलांना तुटपुंज्या मानधनावर राबावं लागतं, त्यांच्याकडून काही घेऊ नये. उलट त्यांच्यासाठी त्या खाटा झाडून ठेवाव्यात.

असो. गुडघे साथ देत नाहीत, पण सभेला मी जाणार आहे. चेक लिहून ठेवला आहे, एका दिवसाच्या पेन्शनचा. पावतीवर 'वीजबिलासाठी' असं लिहा, एवढं सांगणार आहे. विषय क्रमांक पाचवर मतदान झालं तर माझा हात विरोधात वर होईल. बाकीचे किती होतील, ते त्या दिवशी कळेल.

तुमच्याही गावात अशी एखादी वास्तू असेल. तिचं विजेचं बिल कोण भरतं, एकदा विचारून पाहा.