गोठ्याचाही हिशेब असावा

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना सांगतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ धानाच्या चिखलात राबणाऱ्या मुक्या सोबत्याविषयीची ही कृतज्ञता खरी आहे. पण हाच बैल ऐन रोवणीत घसा सुजून धापा टाकू लागला, तर बोलवायचे कोणाला आणि पैसे आणायचे कोठून, याचा विचार किती घरांत आधी झालेला असतो? तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार!

आंधळगावची ओळख कोशाच्या विणकामाची. तरी मोहाडी तालुक्यातील इतर गावांप्रमाणे येथेही गोठा व दोनचार शेळ्या यांच्या आधारावर अनेक संसार उभे आहेत. आपल्यापैकी काहींची फी बोकड विकूनच भरली गेली असेल. अशा घरात जनावराचा मृत्यू म्हणजे साठवलेली पुंजी एका रात्रीत बुडणे होय.

पहिला प्रश्न डॉक्टरांचा. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, असे राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 साली सुचविले होते. खेड्यापाड्यांत हा हिशेब अद्याप जुळलेला नाही. मग पिशवी घेऊन फिरणारा कोणीही ‘डॉक्टर’ ठरतो. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्य कोण, हे ठरवून दिले आहे. आणि ते उगीच नव्हे. व्यालेल्या गाईला कॅल्शियम शिरेतून घाईने दिले, तर तिचे हृदय बंद पडू शकते. म्हणून जवळचा सरकारी दवाखाना, त्याची वेळ, डॉक्टरांचा फोन आणि 1962 हा पशुसेवेचा मोफत क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवावा. अवघड दुखण्यासाठी 1958 पासून नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही ध्यानात असावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. काही खर्च आधीच ठाऊक असतात. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्याची लस, शेळ्यांना पीपीआरची लस, जंताचे औषध, घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस. यांतील बऱ्याच लसी सरकारी मोहिमेत मिळतात. वेळ मात्र आपण साधली पाहिजे. अडलेले वेत, मोडलेला पाय, सर्पदंश हे खर्च सांगून येत नाहीत. त्यांच्यासाठी रोज पाच रुपये बाजूला टाकले, तर वर्षाला 1825 रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण मध्यरात्री सावकाराच्या दारी जाणे टळू शकते. शिवाय विमा आहेच. केंद्र सरकारने 2024 मध्ये पशुविम्यातील पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या पंधरा टक्क्यांवर आणला. कानातील बिल्ला मात्र जपावा. जनावराची ओळख त्यावरच पटते.

कोणी म्हणेल, माणसांच्या औषधाला पैसे नाहीत, तेथे जनावरांचे काय घेऊन बसलात? पण हे दोन हिशेब वेगळे आहेत कोठे? कुत्र्याला टाळलेली लस घरातल्या लेकराच्या जिवावर बेतते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की माणूस बहुधा वाचत नाही. आणि दुभती म्हैस गेली, तर माणसांच्या औषधाचा पैसाही तिच्याबरोबर जातो. उलट, सर्वांनी नेटाने लस टोचली तर काय घडते, हे बुळकांडीने दाखविले. गोठेच्या गोठे ओस पाडणारा हा रोग 2011 साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

सरकारने रिकामी पदे भरावीत, ही मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एका शिबिरात घरोघरी जाऊन लसीकरण राहिलेल्या जनावरांची यादी केली आणि ती दवाखान्यात नेऊन दिली, तर डॉक्टरांचे निम्मे काम हलके होईल. त्यासाठी पदवी लागत नाही. एक वही आणि दोन दिवसांची पायपीट पुरे.